जुन्या इंजिनांचे इंच आणि मिलिमीटर

शेलार (भिवंडी) : जुन्या विलीज जीपचे चार सिलिंडरचे इंजिन अमेरिकेत '१३४' या आकड्याने ओळखले जाते. तेच इंजिन सीसीमध्ये मोजले तर २१९९ भरते आणि जाहिरातीच्या भाषेत २.२ लिटरचे होते. इंजिन एकच, त्यातील पोकळीही तेवढीच. मात्र पहिला आकडा घनइंचांचा, दुसरा घन सेंटिमीटरचा आणि तिसरा सोयीसाठी पूर्णांकाकडे सरकवलेला आहे. जुन्या मोटारी जपणाऱ्यांत आणि 'हॉट रॉड'च्या शौकिनांत यातील खरे माप कोणते, यावर गेली अनेक दशके वाद चालू आहे. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद वाटतो. परंतु इंजिन उघडून बाकावर ठेवले आणि त्याचा पहिला बोल्ट बदलायची वेळ आली, की त्याच वादाची किंमत रुपयांत मोजावी लागते.

शेलारसारख्या गावात हा विषय परका नाही. भिवंडी शहराला लागून असलेल्या या परिसराची ओळख यंत्रमागांमुळे आहे आणि यंत्रमागाचा सारा हिशोब आजही इंचांत चालतो. कापडाचा पन्ना इंचांत सांगितला जातो. विणीचे वर्णन एका इंचात किती उभे आणि किती आडवे धागे, असे होते. फणीचा क्रमांक दोन इंचांतील दातांवरून ठरतो. सुताचा 'काउंट' तर त्याहून जुन्या हिशोबाचा आहे. ८४० वारांची एक लडी, आणि अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका काउंट. म्हणजे ४० काउंटचे एक पौंड सूत उलगडले तर ते ३३,६०० वार लांब भरेल. एवढे सारे इंच, वार आणि पौंडांत झाल्यावर तयार कापड मात्र मीटरवर मोजून विकले जाते. मागाच्या एका टोकाला इंच आणि दुसऱ्या टोकाला मीटर, यात येथे कोणालाही विसंगती वाटत नाही. मागाचा दांडा, दातचक्र किंवा बुशिंग बनवून देणारा लेथवाला दोन्ही भाषा बोलतो. जुन्या इंजिनाच्या कामालाही अशाच दुभाषी कारागिराची गरज असते.

हॉट रॉडचे घनइंच

'हॉट रॉड' हा शब्द आपल्याकडे चित्रपट आणि खेळण्यांतल्या मोटारींमुळे माहीत झाला. मूळ कल्पना साधी होती. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण १९३० च्या दशकात स्वस्तात मिळणारी जुनी फोर्ड घेत, तिचे मडगार्ड आणि अनावश्यक पत्रे काढून टाकत, इंजिन अधिक ताकदीचे करत किंवा दुसऱ्या मोठ्या गाडीचे इंजिन बसवत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर ती पळवत. १९३७ मध्ये या मंडळींची दक्षिण कॅलिफोर्नियातील संघटना स्थापन झाली, १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक निघाले आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी राहिली.

या छंदाला खरे बळ दिले ते फोर्डने १९३२ मध्ये आणलेल्या आठ सिलिंडरच्या 'फ्लॅटहेड व्ही-८' इंजिनाने. सिलिंडरचा व्यास ३ १/१६ इंच, पिस्टनची धाव पावणेचार इंच आणि एकूण क्षमता २२१ घनइंच. पुढे व्यास १/८ इंचाने वाढला आणि २३९ घनइंचांचे इंजिन आले. १९५५ मध्ये शेव्हरोलेने २६५ घनइंचांचे 'स्मॉल ब्लॉक' बाजारात आणले. त्याचा व्यास पावणेचार आणि धाव बरोबर तीन इंच. याच घराण्यातील पुढचे ३५० घनइंचांचे इंजिन आज ५.७ लिटर म्हणून सांगितले जाते. जुन्या शौकिनाला '३५०' म्हणताच इंजिनाचे सारे कूळ आठवते, '५.७' म्हटल्यावर तो क्षणभर थांबतो. या मंडळींच्या आग्रहात भावनेचा भाग आहेच, पण इंजिनाचा आकडा हे त्याचे नावही असते, हे विसरून चालत नाही.

लिटरचे आकडे नेहमी प्रामाणिक होते असेही नाही. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओवर '६.५ लिटर' असा बिल्ला होता. तिचे ३८९ घनइंचांचे इंजिन मोजले तर सुमारे ६.४ लिटर भरते. फोर्ड मस्टँगच्या प्रसिद्ध '५.०' बिल्ल्यामागील ३०२ घनइंचांचे इंजिन ४९४२ सीसीचे, म्हणजे नियमाने पूर्णांक केला तर ४.९ लिटरचे आहे. घनइंचही तितकेच लवचीक ठरले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींत सात लिटरची, म्हणजे साधारण ४२७ घनइंचांची मर्यादा आली. फोर्डने आपल्या शर्यतीच्या इंजिनाला '४२७' असेच नाव दिले. प्रत्यक्षात ते ४२५ घनइंचांचे होते. इंचांच्या देशातील सर्वांत गाजलेला एक आकडा अशा रीतीने लिटरच्या मर्यादेतून जन्माला आला.

अमेरिकन उद्योग मिलिमीटरकडे वळला तो १९७० च्या दशकात. १९७४ च्या सुमारास आलेले फोर्डचे २.३ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन हे अमेरिकेत मेट्रिक मापांनी तयार झालेले पहिले मोटारीचे इंजिन मानले जाते. १९७५ मध्ये तेथे मेट्रिक रूपांतराचा कायदा झाला. तो ऐच्छिक राहिल्याने सामान्य माणसाचा इंच सुटला नाही, पण मोटार कारखान्यांचा पुढे सुटला. परिणामी त्या काळातील काही अमेरिकन गाड्यांत इंजिन एका मापाचे आणि साटा दुसऱ्या मापाचा, अशी सरमिसळ आढळते.

मुंबईच्या रस्त्यांवरची दोन घराणी

आपल्याकडे कॅलिफोर्नियासारखे हॉट रॉड रुजले नाहीत. पेट्रोल महाग, मोटारी थोड्या आणि कायदा कडक. तरी इंच आणि मिलिमीटर यांची गाठ मुंबईत जितकी घट्ट बसली, तितकी क्वचितच कुठे बसली असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या तयार होऊ लागल्या. त्या साऱ्या इंची. त्या काळच्या प्लायमाउथचे सहा सिलिंडरचे इंजिन सव्वातीन इंच व्यासाचे आणि ४ ३/८ इंच धावेचे, एकूण २१८ घनइंचांचे होते. त्यानंतर त्याच कारखान्यात इटलीची फियाट आली. मुंबईकरांच्या दोन पिढ्यांना परिचित असलेल्या फियाट ११०० आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. व्यास ६८ मिलिमीटर, धाव ७५ मिलिमीटर. एकाही मापात अपूर्णांक नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा ताफा प्लायमाउथ-डॉजकडून फियाटकडे गेला तेव्हा टॅक्सी दुरुस्त करणाऱ्यांच्या पेटीतले पानेही बदलत गेले. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

जीपची कथा याहून गुंतागुंतीची आहे. महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिचे इंजिन ३ १/८ इंच व्यासाचे आणि ४ ३/८ इंच धावेचे. मिलिमीटरमध्ये हेच आकडे ७९.३७५ आणि १११.१२५ असे येतात. दशांशाच्या पुढचे ते तीन आकडे पाहिले की इंजिनाचा जन्म कोणत्या मापात झाला, हे वेगळे विचारावे लागत नाही. १९८० च्या दशकात महिंद्रच्या जीपला प्यूजोचे फ्रेंच डिझेल इंजिन मिळाले. व्यास ९० आणि धाव ८३ मिलिमीटर, क्षमता २११२ सीसी. सांगाडा अमेरिकन इंचांचा आणि इंजिन फ्रेंच मिलिमीटरचे, असे हे लग्न ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे सुखाने नांदले. त्या जीपखाली झोपून काम करणाऱ्याला मात्र हाताशी दोन्ही पाने ठेवावे लागत.

ॲम्बेसेडर कोलकात्याची असली तरी मंत्रालयापासून जिल्हा परिषदेपर्यंत ती महाराष्ट्राचीच होती. तिचे १४८९ सीसीचे इंजिन ७३.०२५ मिलिमीटर व्यासाचे आणि ८८.९ मिलिमीटर धावेचे, म्हणजे सरळ भाषेत २ ७/८ आणि साडेतीन इंचांचे. १९९० च्या दशकात तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले तेव्हा माप ८४ आणि ८२ मिलिमीटर झाले. रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० चा प्रकार उलटा. तिचा व्यास ७० आणि धाव ९० मिलिमीटर, माप चोख मेट्रिक. पण जुन्या बुलेटच्या बोल्टांचे आटे ब्रिटिश इंची होते. सिलिंडरचे माप मिलिमीटरमध्ये दिसले म्हणून बोल्टही मिलिमीटरचेच असतील, असे गृहीत धरणाऱ्याला बुलेटने पुरेशी अद्दल घडवली आहे.

भिवंडीतून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावरच्या मालमोटारींतही हीच दोन घराणी होती. टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज जर्मन मिलिमीटर घेऊन आली. अशोक लेलँड ब्रिटिश वंशाची. तिच्या जुन्या इंजिनांच्या नावांतील '३७०' आणि '४००' हे आकडे घनइंचांचेच होत. पहिले सुमारे ६.१ लिटरचे, दुसरे साधारण साडेसहा लिटरचे. पर्किन्सच्या '६.३५४' या नावात तर सिलिंडर सहा आणि घनइंच ३५४ अशी दुहेरी माहिती दडलेली आहे. ज्यांनी आयुष्यभर ही नावे घेतली, त्यांतील अनेकांना आपण घनइंच बोलतो आहोत याची कल्पना नसावी.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले आणि आपल्याकडे हॉट रॉडचा एक उलटा प्रकार सुरू झाला. कॅलिफोर्नियातील तरुण हलक्या गाडीत मोठे इंजिन घालत. आपल्या मालकांनी मोठ्या अमेरिकन गाड्यांतील सहा-आठ सिलिंडरची इंजिने काढून त्या जागी लहान डिझेल इंजिने बसवली. कुटुंबाची गाडी चालू राहावी, एवढाच हेतू. या उलाढालीत पट्ट्या कापल्या गेल्या, इंची भोके मेट्रिक झाली, काही ठिकाणी वेल्डिंगने प्रश्न मिटवला गेला. आज त्याच गाड्या मूळ रूपात आणायच्या म्हणून बाहेर निघतात, तेव्हा कोणत्या भोकात कोणता बोल्ट होता हे शोधण्यातच महिने जातात.

आट्यांचा घोळ

लांबीचे रूपांतर सोपे आहे. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर, गुणाकार केला की झाले. आट्यांचे तसे नाही. आट्याला व्यास असतो, दोन कड्यांमधील अंतर असते आणि कडांचा कोनही असतो. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांचा आटा सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा. दोन्ही देश इंचांचेच, पण बोल्ट एकमेकांचे नव्हेत. अर्ध्या इंचाच्या जाड आट्यात व्हिटवर्थला इंचामागे १२ आटे आणि अमेरिकन पद्धतीला १३. इतर बऱ्याच आकारांत आट्यांची संख्या सारखी आहे आणि धोका तिथेच आहे. बोल्ट बसतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो, मात्र कोन निराळा असल्याने भार मोजक्या कडांवर येतो.

दुसऱ्या महायुद्धात हा घोळ फार महागात पडला. रोल्स-रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले, तेव्हा ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे तिला खास तयार करून घ्यावी लागली. युद्धानंतर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित 'युनिफाइड' आट्यांवर सहमती केली. यूएनसी आणि यूएनएफ ही आपल्या बाजारात आजही ऐकू येणारी नावे त्यातूनच आली.

सर्वांत विचित्र उदाहरण मॉरिसचे आहे. विल्यम मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक होती. ती बदलण्याऐवजी मॉरिसच्या इंजिनांत आटे फ्रेंच मिलिमीटरचेच ठेवले गेले आणि ब्रिटिश ग्राहकाच्या पेटीतला पाना चालावा म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची केली गेली. याच घराण्याचे इंजिन असलेली मॉरिस टेन आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत 'हिंदुस्थान टेन' म्हणून आली. अशा इंजिनावर इंची पाना बरोबर बसतो आणि त्याच मापाचा इंची बोल्ट मात्र आटे खराब करतो.

पान्यांची गंमत निराळीच. व्हिटवर्थच्या पान्यावरचा अर्धा इंच हा बोल्टाच्या दांड्याचा व्यास सांगतो, डोक्याची रुंदी नव्हे. डोके २३ मिलिमीटरहून अधिक रुंद असते. अमेरिकन पान्यावरचा अर्धा इंच ही डोक्याचीच रुंदी, म्हणजे १२.७ मिलिमीटर. या डोक्याला आपला १३ चा पाना लावला तर तो सैल बसतो आणि दोन-चार वेळा जोर दिला की कोपरे गोल होतात. याउलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना किंचित घट्ट पण चालून जातो. ५/१६ इंच आणि ८ मिलिमीटर यांत तर केसाचाही फरक नाही. गॅरेजमधील मुलांना पाने बसतात तोवर माप सारखेच वाटते, यात त्यांचा दोष काय? फरक आट्यांत उघड होतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टाची दोन कड्यांमधली वाट १.२५ मिलिमीटर, ५/१६ इंचाच्या जाड आट्याच्या बोल्टाची १.४१. पहिला दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेऱ्या सहज जातो आणि मग अडतो. इथे थांबला तो खरा कारागीर. पुढे जोर लावला तर बिडाच्या ब्लॉकमधले ऐंशी वर्षांचे आटे एका मिनिटात मरतात.

काही भाग या भांडणापासून कायम अलिप्त राहिले आहेत. स्पार्क प्लगचा आटा सहसा मिलिमीटरचा असतो. नखशिखांत इंची असलेल्या विलीज जीपलाही १४ मिलिमीटरचाच प्लग लागतो. मात्र प्लग काढण्याचे जुने परिचित डोके १३/१६ इंचाचे. आजच्या कोणत्याही नव्या मोटारीच्या टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिमचा व्यास इंचांत छापलेला दिसेल. सॉकेटच्या मेट्रिक पेटीतील चौकोनी दांडाही अर्ध्या किंवा पाव इंचाचाच असतो.

थाउ, सूत आणि पावकी

सिलिंडर झिजल्यावर तो रीबोअर करतात, म्हणजे थोडा मोठा करून त्यात मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. इंची इंजिनांत ही वाढ इंचाच्या हजाराव्या भागात, कारागिरांच्या भाषेत 'थाउ'मध्ये मोजतात. दहा, वीस, तीस, चाळीस. मेट्रिक इंजिनांत पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर. तीस थाउ म्हणजे ०.७६२ मिलिमीटर. त्याऐवजी पाऊण मिलिमीटर धरून बोअर केले तर १२ सहस्रांश मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात ठेवायची मोकळीकच जिथे दोन ते चार थाउ, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते, तिथे मोकळिकीचा आठवा ते चौथा हिस्सा नुसत्या भाषांतरात गेला. इंजिन तापल्यावर पिस्टन धरला की दोष तेलाला दिला जातो.

बोल्ट आवळण्याच्या जोराचेही तेच. जुन्या अमेरिकन पुस्तिकेत हेडच्या बोल्टांसाठी ६५ हा आकडा असेल तर ते ६५ फूट-पौंड होत, म्हणजे सुमारे ८८ न्यूटन-मीटर किंवा ९ किलोग्रॅम-मीटर. नव्या टॉर्क पान्यावर न्यूटन-मीटरचे ६५ लावून आवळले तर बोल्टांना ठरलेल्या जोराच्या तीन चतुर्थांशच जोर मिळतो आणि हेड गॅस्केट लवकरच साथ सोडते.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना इंच इतका सहज का जमला, याचे एक कारण मराठी शाळेत सापडते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकलेल्या पिढीला इंचाचे अर्धे, पाव आणि अष्टमांश हे परके वाटलेच नाहीत. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव हीसुद्धा अर्ध्याचे अर्धे करत जाणारीच मापे. सुतार आणि फिटर यांच्या बोलीत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक 'सूत'. 'दोन सूत बोल्ट' म्हटले की पाव इंच. मनातल्या मनात ३/८ ची पाऊणकी करणाऱ्या माणसाला कॅल्क्युलेटर लागत नसे. दशमान पद्धतीत शिकलेल्या मुलाला ९/१६ मोठे की ५/८, हे ठरवताना अडखळायला होते. त्यात त्याची बुद्धी कमी पडते असे नाही, त्याची पाढ्यांची वही वेगळी आहे.

भारताने दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी स्वीकारली. वजनमापांचा कायदा १९५६ चा, अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाली आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मेट्रिक मापे सक्तीची झाली. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याने व्यवहारात अन्य मापांना जागा ठेवलेली नाही. खुद्द इंचाचे स्वातंत्र्यही त्याआधीच संपले होते. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील देशांनी इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असे मान्य केले. त्यापूर्वी अमेरिकन आणि ब्रिटिश इंचांत अतिसूक्ष्म तफावत होती. म्हणजे गेल्या सहा दशकांहून अधिक काळ इंच हा मीटरचाच एक हिस्सा आहे. शास्त्राच्या पातळीवर वाद तेथेच मिटला. कारखान्यात तो उरला, कारण यंत्रे कायद्याप्रमाणे एका रात्रीत बदलत नाहीत.

लेथ हे त्याचे उत्तम उदाहरण. इंची लीडस्क्रू असलेल्या जुन्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे एक चक्र लावावे लागते. आकडा विचित्र वाटतो खरा, पण २५.४ ला पूर्ण संख्या करणारा सर्वांत लहान गुणक पाच, आणि पाचपट केली की १२७ येतात. १२७ ही मूळ संख्या असल्याने त्याहून लहान चक्रात हे गणित तंतोतंत बसत नाही. ज्या कारखान्यात हे चक्र भिंतीवर टांगलेले दिसेल, तेथे आपल्या इंजिनाचे काम करून घ्यायला हरकत नाही. मागांच्या सुट्या भागांवर पोसलेल्या भिवंडीसारख्या ठिकाणी असे लेथ टिकून राहिले, याचे श्रेय इंचांत चालणाऱ्या मागांनाच द्यावे लागेल.

बदलावे की जपावे

जुन्या इंजिनाचे सर्व आटे एकदाच मेट्रिक करून टाकावेत, असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. ८, १० किंवा १२ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा बोल्ट कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. यूएनएफचा हवा असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट गाठावा लागतो आणि तेथेही हवी ती लांबी मिळेलच असे नाही. इंची टॅप-डाय महाग, ते वापरू जाणणारे हात कमी होत चाललेले. गाडी रोज चालवायची असेल तर रस्त्यात बंद पडल्यावर मिळेल तो बोल्ट चालणे, ही मोठी सोय आहे.

तरीही तांत्रिक कसोटीवर दुसरी बाजू अधिक भक्कम वाटते. ३/८ इंचाच्या खराब झालेल्या भोकात १० मिलिमीटरचा टॅप फिरवला तर नवा आटा जुन्या आट्याच्या खाचांवरूनच जातो. जुन्या भोकाचा व्यास ९.५ मिलिमीटरच्या पुढे, नव्याचा १०. पूर्ण कडा तयार व्हायला ताजे धातूच उरत नाही. हेडच्या बोल्टाला असला अर्धामुर्धा आटा झेपत नाही. अशा वेळी मूळ इंची आट्याचीच तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवणे हा सुरक्षित मार्ग आहे. मूळ बोल्ट पुन्हा बसतो आणि पुढच्या माणसाची फसगत होत नाही. सर्वांत वाईट ती अर्धवट सरमिसळ. दहापैकी तीन बोल्ट मिलिमीटरचे आणि सात इंची असलेले इंजिन हे दोन्ही पद्धतींपेक्षा धोकादायक आहे.

यात आता कायद्याचाही प्रश्न आला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. साटा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. ही वाहने प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कारणांसाठी आणि देखभाल वा इंधनासाठी रस्त्यावर आणता येतात, नेहमीच्या वापरासाठी नाही. खऱ्या अर्थाचा हॉट रॉड या व्याख्येत बसतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. इंजिन बदलायचे असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. बोल्टाचा आटा बदलणे हा मोठा फेरफार ठरत नाही. परंतु मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले आणि त्याजागी दुसरे बसवायची वेळ आली, की 'मूळ स्वरूप' हे शब्द जड जातात. अनेक इंजिने त्या अवस्थेला पोहोचतात ती चुकीच्या पान्यामुळे आणि चुकीच्या टॅपमुळेच.

आजोबांची जीप किंवा वडिलांची बुलेट दुरुस्तीला द्यायची असेल तर काही गोष्टी आधी तपासून घेता येतात. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर तो मेट्रिक. मध्यातून बाहेर जाणाऱ्या तीन किंवा सहा रेघा असतील तर अमेरिकन इंची. एकमेकांत गुंफलेली वर्तुळे ही ब्रिटिश युनिफाइडची खूण. डोके कोरे असेल तर आटे मोजण्याचे गेज लावूनच ठरवावे, पाना बसतो यावर विसंबू नये. बोअरचे माप पूर्वी कोणी बदलले आहे का, हे पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्यावरून कळते. तिथे '२०' किंवा '०२०' असेल तर थाउ, '०.५०' असेल तर मिलिमीटर. सुटे झालेले बोल्ट एकाच डब्यात न टाकता भागाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवायला सांगावे. आणि एखादे भोक नाइलाजाने मेट्रिक करावेच लागले, तर कोणते भोक, कोणता व्यास आणि कोणती वाट, हे गाडीच्या कागदपत्रांत तारखेसह लिहून ठेवावे. त्या भोकाशेजारी ब्लॉकवर पंचाने एक बारीक ठिपका मारला तर आणखी तीस वर्षांनी ते इंजिन उघडणाऱ्याला कागद हरवला तरी ते भोक ओळखता येईल.